तांबडा स्टार

डेटा एंट्री करणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नव्हता. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण माझ्या कोडच्या ओळीओळीत ते होतं. पतसंस्थांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. सभासदांची नोंद, ठेवी, कर्जं, हप्ते असं सगळं. त्यातले फॉर्म माझ्याकडे होते. कुठला रकाना सक्तीचा, कुठे काय चालेल आणि काय नाही, हे मी ठरवायचो. क्लार्क घाईत असतात, कंटाळलेले असतात, काहीही टाकून मोकळे होतात. तेव्हा त्यांना चुकायला जागाच ठेवायची नाही, अशी माझी समजूत. सक्तीच्या रकान्यापुढे तांबडा स्टार. नियमात न बसणारं काही भरलं की भोवती लाल चौकट, खाली ‘अवैध माहिती’, आणि सेव्हचं बटण बंद. त्या बंद बटणाचा मला आनंद व्हायचा. तुमच्यापाशी कबूल करायला हरकत नाही.

या आनंदाला खतपाणी घातलं ते पॅननं. दहा जागा : पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी पुन्हा अक्षर. चौथं अक्षर ‘पी’ असेल तर व्यक्ती, ‘सी’ असेल तर कंपनी. व्यक्तीचं असेल तर पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. पुढे २०१७च्या जुलैत जीएसटी आला आणि त्याचा पंधरा जागांचा नंबर तर मला फारच देखणा वाटला. आधी राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. मग अख्खा पॅन. आणि शेवटची खूण आधीच्या चौदांवरून गणितानं काढलेली. एक अक्षर चुकलं की गणित जुळत नाही. मला वाटायचं, जगातली सगळी माहिती अशीच हवी. नसेल, तर मी तिला तशी करीन.

मग मी नावांनाही नियम लावले. फक्त इंग्रजी अक्षरं चालतील असं ठरवलं, तर अपॉस्ट्रॉफी लावणारे डिसोझा अडकले. मराठीत नावं घ्यायचं ठरलं तेव्हा पायथनची तयार तपासणी वापरली. तिच्या लेखी काना, वेलांटी ही अक्षरंच नाहीत. शरद पास झाला, कमल पास झाली. राम आणि सीता नापास. मोबाईल ९नेच सुरू होतो असं मी ठामपणे लिहून ठेवलं होतं, आणि ८ अन् ७ची मालिका आल्यावर धडधाकट माणसांचे फोन मी अवैध ठरवत बसलो. यातल्या प्रत्येक वेळी मी हसलो, नियम दुरुस्त केला आणि पुढे गेलो. नियम चुकला असेल, पण नियम घालणारा बरोबरच आहे, याविषयी मला शंका आली नाही.

ती आली एका मोबाईल नंबरामुळे. नव्या आवृत्तीत डेटा नेताना एका शाखेच्या नोंदी बघत होतो, तर एकच नंबर कितीतरी सभासदांच्या नावापुढे. झालं, माझी खात्रीच पटली : आळस. उपायही तयार होता. एक नंबर एकाच सभासदाला. दुसऱ्यांदा टाकला की लाल चौकट. त्या तालुक्याच्या गावी ट्रेनिंगसाठी जायचंच होतं. तिथेच ऐकवू म्हटलं.

काउंटरवरच्या मॅडमना मी तो नंबर दाखवून विचारलं, हा कुणाचा?

‘माझाच आहे, सर.’ लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतंच. ‘ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना माझा टाकते. दहा आकडे घेतल्याशिवाय तुमचं सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही. आणि उगाच मनानं काहीतरी टाकावा, तर तो निघायचा कुणाचातरी. त्या बिचाऱ्याला दुसऱ्याच्या कर्जाचे मेसेज जायचे.’

म्हणजे हप्त्याच्या आठवणीचे सगळे मेसेज यांच्या फोनवर येत होते. मग पुढे काय करता, असं विचारल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून एक दोनशे पानी वही काढली. सभासद क्रमांकापुढे बॉलपेननं लिहिलेलं : फोन नाही, पुतण्याकडे निरोप. फोन मुलाकडे, मुलगा मुंबईला, रात्री आठनंतर. बाजाराच्या दिवशी येतात तेव्हा सांगणे. एकीच्या क्रमांकापुढे होतं : कर्जाचं घरात माहीत नाही, घरी फोन करू नये.

मी ती वही बराच वेळ चाळत बसलो. खरं तर चाळण्यासारखं फार नव्हतं, पण मान वर करायची हिंमत होत नव्हती. घरी फोन करू नये, ही ओळ कुठल्या रकान्यात बसली असती? माझ्याकडे तसा रकानाच नव्हता. फोन नसलेल्या बाईचा नंबर मागणारा मी. आणि खोटा नंबर टाकावा लागलाच, तर तिसऱ्याच माणसाला ताप नको म्हणून स्वतःचा देणाऱ्या त्या. ज्यांना मी बेफिकीर समजत होतो, त्या माझ्या निष्काळजीपणाची भरपाई स्वतःच्या वेळेतून करत होत्या. वर मी त्यांना आणखी एक लाल चौकट द्यायला आलो होतो. त्या नव्या नियमाचा विषय मी तिथे काढलाच नाही.

परतताना एसटीत एक गोष्ट बोचत राहिली. रकाना रिकामा ठेवू दिला असता, तर या सभासदाकडे फोन नाही एवढं तरी आमच्या डेटात राहिलं असतं. मी तेच पुसून टाकलं होतं. रिकामं आणि खोटं यांत मी खोटं निवडलं, कारण ते माझ्या नियमात बसत होतं.

आणि हे मला आधीच कळायला हवं होतं. माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून आहे. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या किती जणांची तीच आहे, हे तुम्हाला सांगायला नको. शाळा जूनमध्ये उघडायची, जन्माची नोंद घरात नसायची, गुरुजींच्या रजिस्टरात रकाना तर भरायलाच हवा. मग १ जून. आजी सांगायची, तुझा बाप दिवाळीच्या आसपासचा. माझ्या फॉर्ममध्ये जन्मतारीख पुढची नको, फार जुनी नको, एवढंच मी तपासत होतो, आणि त्या चाळणीतून हे सगळे १ जून तारखेचे लोक निमूट पार होत होते. घरात उदाहरण बसलेलं असताना मला ते दिसलं नाही.

आता मी तपासणीच्याच विरोधात गेलोय असं समजू नका. जीएसटी नंबरला मी अजूनही सूट देत नाही. बिलावर तो चुकला तर घेणाऱ्याचं क्रेडिट अडकतं, आणि शेवटची खूण जुळली नाही म्हणजे टंकताना चूक झाली हे नक्की. आधारचंही तसंच. त्याचा बारावा आकडा ज्या पद्धतीनं काढतात ती पद्धत एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर हमखास पकडते. तिथे क्लार्कला लगेच टोकणं ही मदत आहे. अर्थात जुळलेला नंबर त्याच माणसाचा आहे, हे त्यावरूनही कळत नाही.

बाकी ठिकाणी मी पुष्कळ सैल झालो. आकड्यांमधल्या मोकळ्या जागा, डॅश मशीननं स्वतः काढावेत. आयएफएससीत पाचवी जागा शून्याचीच असते. तिथे कुणी ‘ओ’ टाकला तर ओरडायचं कशाला, शून्य करून घ्यावा. देवनागरी आकडे घ्यावेत आणि बदलून ठेवावेत. नावाला तीन खणांची सक्ती काढली. २०२४मध्ये राज्य सरकारनं नावात आईचं नाव घालायचं ठरवल्यावर ते बरंच झालं म्हणायचं. मोबाईलपुढचा तांबडा स्टार गेला आणि ‘फोन नाही’, ‘दुसऱ्याचा फोन, कुणाचा’ असे पर्याय आले. जन्मतारखेला ‘अंदाजे’ आलं. शेरा लिहायला मोठी जागा ठेवली आणि तिला एकही नियम लावला नाही.

यानंतर अपूर्ण नोंदींचा आकडा वाढला. एका संस्थेच्या व्यवस्थापकांनी फोन करून विचारलं, ‘पूर्वी सगळं भरलेलं असायचं, आता हा डेटा बिघडला कसा?’ मी त्यांना सांगितलं, तो पूर्वीपासून असाच आहे, फक्त आता दिसतोय. त्यांना ते फारसं पटलं नाही. त्यांना सगळे रकाने पुन्हा सक्तीचे करून हवे आहेत, आणि मी अजून ते करून दिलेले नाहीत.