जामच्या चौरस्त्यावरून भद्रावतीकडे

वर्धा जिल्ह्यातील जाम हे गाव त्याच्या चौरस्त्यामुळे सर्वपरिचित आहे. नागपूरहून येणारा एक रस्ता येथून हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जातो, तर दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे वळतो. कापसाच्या व्यापारानिमित्त या चौरस्त्यावरून नित्य जाणारी कुटुंबे येथे बहुधा चहापुरतीच थांबतात. मात्र थंडीच्या एका रविवारी नागपूर, वर्धा आणि हिंगणघाट येथील काही कुटुंबे नवकारशी करून येथे एकत्र जमली आणि भद्रावतीच्या दर्शनास निघाली.

भद्रावती म्हणजे जुने भांदक. येथील केसरिया पार्श्वनाथ तीर्थात श्यामवर्णी मूलनायकांचे दर्शन होताच प्रवासाचा शीण उतरला. विसाव्या शतकाच्या आरंभी शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाच्या व्यवस्थापकांना स्वप्नात या स्थानाचा संकेत मिळाला, अशी तीर्थाची परंपरा आहे. मूर्ती तेव्हा झाडीत होती आणि आसपासचे ग्रामस्थ आपल्या रीतीने तिची पूजा करीत, असे सांगतात. त्यानंतर संघाने तीर्थाचा जीर्णोद्धार केला.

पूजा झाली, भोजनशाळेतील जेवणही आटोपले. आता पुढे काय, यावर मतभेद झाला. चौविहाराची वेळ गाठायची तर लगेच परतावे, असे काहींचे म्हणणे होते. तेव्हा एक वृद्ध श्राविका म्हणाल्या, "ज्या गावाने आपले भगवान सांभाळले, त्या गावाचे बाकी काहीच न पाहता कसे जायचे?" त्यावर कोणी काही बोलले नाही. बस विजासन टेकडीकडे वळली.

टेकडीच्या पोटात बौद्ध लेणे आहे. एक लांब बोळ सरळ खडकात शिरतो आणि त्याच्या शेवटी बुद्धांची बैठी मूर्ती आहे. डावी-उजवीकडेही तसेच बोळ निघतात आणि त्यांच्याही टोकाला मूर्ती आहेत. बॅटरीच्या उजेडात एका मुलाने विचारले, "आजोबा, हेही आपलेच भगवान का?" आजोबा म्हणाले, "तीर्थंकर नव्हेत, बाळा. पण महावीरांच्याच काळातले श्रमण. घरदार सोडून सत्य शोधायला निघालेले."

पुढे तलावावरचा जुना दगडी पूल आणि भद्रनागाचे देऊळ पाहणे झाले. नागफणाधारी पार्श्वप्रभूंच्या गावी नागदेवतेचेही ठाणे असावे, याचे अनेकांना नवल वाटले. याच भांदकला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इ.स. ७७२ चा ताम्रपट मिळाला असून, त्यात सूर्यमंदिरास दिलेल्या दानाची नोंद आहे. साडेबाराशे वर्षांपूर्वीचे ते दानपत्रच! राज्य गेले, राजवंश गेला. दानाची नोंद मात्र उरली.

एकाच गावाच्या परिसरात इतक्या श्रद्धा नांदल्या. अनेकांत आपण प्रवचनात ऐकतो. भद्रावतीत तो पायी फिरून पाहता येतो. आपले मंदिर उभे राहिले, कारण कोणीतरी त्या मूर्तीची दखल घेतली. इतरांच्या जुन्या पाषाणांनाही तशीच दखल हवी असते, आणि ती घेण्यास धनापेक्षा वेळ अधिक लागतो.

तीर्थयात्रेस जाणाऱ्यांनी दर्शनानंतर दोन तास अवश्य राखून ठेवावेत आणि सोबत बॅटरी घ्यावी. सकाळी वेळेवर निघाल्यास हे सारे पाहूनही सूर्यास्तापूर्वी जेवण होते. त्या रविवारीही ते झाले.