आपल्या टप्प्यातलं मैदान

गोल्फवर मी कधी काही लिहीन, असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. तालुक्याच्या गावी चौतीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवला. आमच्याकडे खेळ म्हणजे खो-खो, कबड्डी आणि परीक्षा संपली की क्रिकेट. गोल्फ म्हणजे मोठ्या साहेबांनी टोपी घालून हिरवळीवर हिंडायचं, एवढीच माझी समजूत होती.

पण आमचे चिरंजीव अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात असतात. २०२३ च्या उन्हाळ्यात सौ. आणि मी तीन महिने त्याच्याकडे राहिलो. तो दर रविवारी सकाळी ऑफिसातल्या दोन मित्रांबरोबर गोल्फ खेळायला जातो. "अप्पा, घरात बसून कंटाळाल, चला," म्हणाला. मी निघालो. बॅटरीच्या गाडीत त्याच्या शेजारी बसायचं आणि बघायचं, एवढंच माझं काम.

तिथे गेल्यावर त्याने माझ्या हातात एक कार्ड दिलं. आता मास्तरच्या हातात छापील कागद आला की तो वाचल्याशिवाय खाली ठेवला जात नाही! त्यावर अठरा होलची अंतरं छापलेली होती आणि प्रत्येक होलपुढे एक सोडून पाच आकडे. मी विचारलं, हे काय? तेव्हा कळलं की पहिला फटका जिथून मारतात त्या जागेला 'टी' म्हणतात आणि प्रत्येक होलला अशा चार-पाच टी असतात, वेगवेगळ्या रंगांच्या खुणा लावलेल्या. त्या मैदानावर सगळ्यात मागे काळी, मग निळी, पांढरी, सोनेरी आणि सगळ्यात पुढे लाल. काळीवरून अठरा होलची बेरीज सात हजार यार्डांच्या वर, निळीवरून साडेसहा हजार, सोनेरीवरून ५,३४०. मैदान एकच, पण तुम्ही कुठून सुरुवात करता त्यावर ते लांब किंवा आखूड होतं. मला ही कल्पना फार आवडली.

तिघेही निळीवरून खेळत होते. त्यातला एक तिशीतला उंचापुरा तरुण. त्याचा चेंडू सहज अडीचशे यार्ड जायचा. आमचे चिरंजीव एकोणपन्नास वर्षांचे, पाठीच्या दुखण्याने दोन वर्षं हैराण. चारशे दहा यार्डांचा एक होल होता, 'पार ४'. म्हणजे दोन फटक्यांत चेंडू ग्रीनवर न्यायचा आणि दोन हलक्या फटक्यांत भोकात घालायचा, असा हिशोब. तरुणाचा पहिला फटका अडीचशे गेला, उरले एकशे साठ. एक नीट फटका, चेंडू ग्रीनवर. चिरंजीवांचा गेला एकशे नव्वद, उरले दोनशे वीस. तेवढं अंतर त्याच्या पिशवीतल्या कुठल्याच काठीने जाणार नव्हतं. मग त्याने सगळा जोर लावला, चेंडू गेला तळ्यात आणि हा पाठ धरून उभा राहिला.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दोनशे चाळीस यार्डांच्या आसपास वाळूचे खड्डे होते. ते चुकवायला तो तरुण बराच विचार करायचा. आमचा चेंडू त्या खड्ड्यांपर्यंत पोचतच नव्हता! मैदान आखणाऱ्याने घातलेलं कोडं सोडवायची पाळीच याच्यावर येत नव्हती. म्हणजे तिघं एकाच ठिकाणाहून खेळत होते, पण एकच खेळ खेळत नव्हते.

घरी येताना गाडीत तो गप्प होता. पाच चेंडू हरवले होते. मी विचारलं, "अरे, तू पुढच्या टीवरून का खेळत नाहीस?"

"सगळे निळीवरूनच खेळतात अप्पा. आणि मी दोनशे तीस मारतो. आज जमलं नाही."

यावर मी काही बोललो नाही, पण पुढचे तीन रविवार वही-पेन्सिल घेऊन गेलो. त्याच्या फोनवर अंतर दिसतं, ते टिपत गेलो. दोनशे तीस एकदाच गेला होता, उतारावर. सरासरी आली एकशे नव्वद. आपल्याला आपला सर्वांत चांगला फटका लक्षात राहतो. परीक्षेतले गुणही आपण असेच लक्षात ठेवतो, नाही का?

मग नातवाने मला इंटरनेटवर शोधून दिलं. अमेरिकेतल्या गोल्फच्या दोन मोठ्या संस्थांनी, यूएसजीए आणि पीजीए ऑफ अमेरिका यांनी, २०११ मध्ये 'टी इट फॉरवर्ड' नावाची मोहीम काढली होती. मूळ कल्पना गोल्फच्या काठ्या बनवणाऱ्या बार्नी अ‍ॅडम्स यांची. पहिला फटका सरासरी किती जातो त्यावरून मैदान किती लांब असावं, याचा त्यांनी तक्ता दिला. अडीचशे यार्ड जात असेल तर ६,२०० ते ६,४००. दोनशे जात असेल तर ५,२०० ते ५,४००. दीडशे जात असेल तर ३,५०० ते ३,७००. तोंडी हिशोबाच्याही दोन रीती सापडल्या. ड्रायव्हरच्या सरासरी अंतराला अठ्ठावीसने गुणायचं किंवा पाच नंबरच्या आयर्नच्या अंतराला छत्तीसने. चिरंजीवांचे १९० गुणिले २८ म्हणजे ५,३२०. पाच नंबरचा आयर्न १४८ जातो, गुणिले ३६ म्हणजे ५,३२८. आणि कार्डावर सोनेरी टी होती ५,३४० ची. इतकं जुळणारं उत्तर वर्गातसुद्धा क्वचित यायचं!

आणि मोठ्या खेळाडूंचं तरी वेगळं काय आहे? १९९७ मध्ये टायगर वूड्सने ऑगस्टा नॅशनलवरची मास्टर्स स्पर्धा बारा फटक्यांनी जिंकली. तेव्हा ते मैदान ६,९२५ यार्डांचं होतं. नंतर टप्प्याटप्प्याने ते लांबवलं, २०२४ मध्ये ७,५५५ होतं. खेळणाऱ्याचा फटका लांबला म्हणून मैदान लांबवलं. मग आपला फटका आखूड झाल्यावर मैदान आखूड केलं तर त्यात लाज कसली?

मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने नीट पाहिली. मग हसून म्हणाला, "अप्पा, हे तुम्ही सांगताय? तुम्हीच तर मला मोठ्या गटात पळवलं होतंत."

मंडळी, मी विसरलो होतो. म्हणजे विसरलो आहे असं मला वाटत होतं.

१९८६ चं वर्ष. शाळेच्या क्रीडामहोत्सवात लहान गटाला चारशे मीटर आणि मोठ्या गटाला पंधराशे. हा बारा वर्षांचा, अंगानेही किरकोळ, नियमाने लहान गटातला. पण नावं लिहायला मी बसलो होतो. मास्तरांनी आपल्या पोराला सोपी शर्यत दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्याचं नाव मोठ्या गटात घातलं. तो पळाला. बाकीचे पोचून पाणी पीत होते तेव्हा हा शेवटच्या फेरीत एकटा होता. पोरं हसत होती. त्याने शर्यत पुरी केली आणि मी पाठीवर थाप मारून म्हणालो, "शाब्बास, पुढच्या वर्षी आणखी जोरात." पुढच्या वर्षी त्याने नावच दिलं नाही. त्यानंतर तो कधी पळाला नाही. आणि मी लोकांना सांगत आलो की याला खेळाची आवडच नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. किती मुलांची नावं मी अशी चुकीच्या गटात लिहिली असतील? 'सोपं ते आपलं नव्हे' हे मी वर्गात चौतीस वर्षं सांगितलं. पण ते मुलाच्या भल्यासाठी किती आणि माझ्या नावासाठी किती, हे कधी तपासलं नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी, मैदान रिकामं होतं तेव्हा आम्ही दोघंच गेलो. संध्याकाळी दरही कमी असतो. तो सोनेरी टीवर उभा राहिला. तोच चारशे दहाचा होल तिथून तीनशे वीसचा होता. पहिला फटका एकशे नव्वद, उरले एकशे तीस. दुसऱ्या फटक्याला त्याने जोर लावला नाही, चेंडू तळ्यावरून ग्रीनवर जाऊन थांबला. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. दहावीच्या निकालाला पाहिलं होतं तसं.

ग्रीनपासून दीडशे यार्डांवर एक खुंट असतो. नवशिक्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालते. माझी टी ती. पाच-सहा फटक्यांत मी ग्रीनवर पोचायचो आणि मला अगदी पुरेसं वाटायचं.

आता तो सोनेरीवरूनच खेळतो. मित्र अजून निळीवर आहेत. हँडिकॅपचा हिशोब टीप्रमाणे बदलतो, त्यामुळे वेगवेगळ्या टीवरून एकत्र खेळता येतं. पाठ पूर्ण बरी नाही, पण सोमवारी औषध घ्यावं लागत नाही म्हणतो.

परत निघायच्या आधीच्या शेवटच्या संध्याकाळी, त्या खुंटापाशी उभा असताना मी म्हणालो, "त्या वर्षी तुझं नाव लहान गटात लिहायला हवं होतं मी."

तो थोडा वेळ काठी पुसत राहिला. मग म्हणाला, "अप्पा, तुमचा फटका आहे."

मी मारला. चेंडू जेमतेम चाळीस यार्ड गेला. पण सरळ गेला.