पायथा धरला की काठ टिकतो

आमच्या खाचराच्या कडेनं जाणारा पऱ्या एका ठिकाणी झोकदार वळण घेतो. त्या वळणावर दर पावसाळ्यात आमचा काठ आत सरकायचा आणि पलीकडे वाळूचा पट्टा रुंदावत जायचा. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या अंगाला येतो, आतल्या अंगाला गाळ बसतो. बाहेरचं अंग आमच्या वाट्याला आलेलं. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवसांत आमच्या बांधासकट भाताची एक पट्टी गेली.

काठ कोसळला तो पूर ओसरताना. भरलेल्या पऱ्याचं पाणी काठाला बाहेरून रेटून धरतं. ते झपाट्यानं उतरलं की आधार सुटतो, आणि आतली माती मात्र पाणी पिऊन जड झालेली असते. त्यात पायथा आधीच पोखरलेला. मग वरची ढेकळं बांधासकट खाली बसतात.

'भिंत घाल,' असं बहुतेकांनी सुचवलं. वरच्या अंगाला अशी एक काँक्रीटची भिंत होतीच. तिच्या गुळगुळीत अंगावरून पाणी वेग न मोडता खाली येई आणि तिच्याच पायाखालची माती काढून नेई. शिवाय भिंतीचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता.

पऱ्या आटल्यावर कामाला लागलो. आधी उभा काठ छाटून एक हात उंचीला दोन हात असा उतार दिला. काकू बांधावर येऊन म्हणाली, "पऱ्यानं नेलं तेवढं पुरे नाही झालं का रे? आता तू स्वतःच्या हातानं तोडतोस?" म्हटलं, "काकू, उभा ठेवला तर एवढी जमीन तो नेणारच. आपण तोडली तर बाकीची तरी राहील." तिला पटलं नाही, पण दुपारी गड्यांसाठी पेज तिनंच पाठवली.

पायथ्याशी चर खणून मोठे काळे दगड बसवले, पात्राच्या तळापेक्षाही खोल. ओळीची दोन्ही टोकं काठात आत वळवली, नाहीतर पाणी टोकाला वळसा घालून मागून शिरतं. दगडांच्या वर बांबूच्या खुंटांना निर्गुडीच्या ओल्या फांद्या कुडासारख्या विणल्या आणि उतारावर काथ्याची जाळी अंथरली. जाळी काही वर्षांत कुजते, पण तोवर मुळांनी माती धरलेली असते.

पहिल्या सरींबरोबर वाळ्याचे ठोंब उतारावर आडव्या ओळींत, वीतभर अंतरानं लावले. वाळ्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंतही. त्यामुळे शेजारच्या भाताला त्रास होत नाही. दाट पात्यांत पाणी अडखळतं, गाळ टाकतं, आणि वाळा त्या गाळातून वर येतो. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या जलसंधारणाच्या कामांतून वाळ्याच्या ओळींचा भारतात प्रसार झाला. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून बांधावर वाळा राखत होते.

बांबू मुद्दाम मागे, सपाटीवर लावला. त्याची मुळं दाट असली तरी उथळ असतात. ऐन कडेवरचं बेट खालून पोखरलं गेलं तर मातीसकट पात्रात आडवं होतं. पात्रातल्या शेरणीच्या झुडपांना जेसीबीवाल्याला हात लावू दिला नाही. पुरात ती लवतात, पाणी उतरलं की उभी राहतात, आणि खडकांमधली माती धरून ठेवतात.

त्या पावसाळ्यात एका टोकाची विणलेली ओळ सुटली. ती श्रावणातल्या उघडिपीत पुन्हा बांधली. निर्गुडीला पालवी फुटली, वाळ्याच्या ओळींमागे गाळ साठला, काठ राहिला. गुरं मात्र पहिली दोन वर्षं काठावर येऊ द्यायची नाहीत, म्हणून वई घालावी लागली.

कुणी विचारलं तर सांगतो, घर किंवा पूल अगदी कडेवर असेल तर नुसत्या झाडोऱ्यावर विसंबू नका, तिथे जाणकार अभियंत्याला दाखवा. शेताच्या काठाला मात्र हे पुरतं, थोडी जमीन सोडायची तयारी असली तर. आणि वाळ्याच्या मुळांना बाजारात भाव आहे म्हणून काठावरचा वाळा खणू नका. विकायचा तो परसात वेगळा लावा.