छापून आलं, पुढे काय?

१७ सप्टेंबर १९८२ रोजी भोपाळच्या ‘रपट’ नावाच्या छोट्याशा हिंदी साप्ताहिकात एक लेख आला. या शहराला वाचवा, अशी विनवणी त्याच्या मथळ्यातच होती. वाचवायचं होतं ते युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यापासून. १ ऑक्टोबरला दुसरा लेख आला. भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर बसलं आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. ८ ऑक्टोबरच्या तिसऱ्या लेखात समज होती, की वेळीच जागे झाला नाहीत तर उरणार नाही. पुढे १६ जून १९८४ ला दिल्लीच्या ‘जनसत्ता’त याच विषयावर सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. या सगळ्यामागे एकच माणूस होता, राजकुमार केसवानी. ‘जनसत्ता’तल्या लेखाला सहा महिनेही पुरते झाले नव्हते, तेव्हा २ डिसेंबरच्या मध्यरात्री ई-६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं आणि जुनं भोपाळ झोपेतच गुदमरलं.

मी या शहरातला मराठी माणूस. १९५६ साली नागपूरचं राजधानीपण गेलं आणि तिथल्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं नोकरीमागे भोपाळला आली. आमचं घर त्यांतलंच एक. सकाळी दारात हिंदी वर्तमानपत्र आणि टपालाने येणारी मराठी मासिकं, असं आमच्याकडचं वाचन. टिळक-आगरकरांच्या गोष्टी आम्ही ऐकल्या त्या घरात. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढलेले एकशे एक दिवस, १९०८ चा राजद्रोहाचा खटला, मंडाले. त्याच १९०८ साली ‘हिंदी केसरी’ काढणारे माधवराव सप्रे यांनाही नागपुरात अटक झाली होती. मराठी घरात जन्मून हिंदी पत्रकारितेचा पाया घालणाऱ्या सप्र्यांच्या नावाचं वृत्तपत्र संग्रहालय आज भोपाळात आहे. त्यामुळे वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हटलं की माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे तुरुंगाचा दरवाजा येतो. संपादक आत गेला तर स्वातंत्र्य धोक्यात आणि बाहेर असला तर सारं ठीक, असा आमचा साधा हिशेब.

केसवानींच्या कहाणीने हा हिशेब चुकीचा ठरवला. त्यांना कोणी आत टाकलं नाही. ‘रपट’ जप्त झालं नाही, छापखान्याला टाळं लागलं नाही. त्याच वर्षी जुलैअखेर बिहार विधानसभेने वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारं विधेयक मंजूर केलं होतं आणि सप्टेंबरमध्ये देशभरचे पत्रकार त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. त्या लढ्याला यश आलं, विधेयक पुढे मागे घ्यावं लागलं. पण त्याच सप्टेंबरात भोपाळात एक माणूस जे हवं ते मोकळेपणाने लिहीत होता, छापत होता, आणि त्याने कशातही काडीचाही फरक पडत नव्हता. लिहिण्याचं स्वातंत्र्य पुरतं शाबूत असताना हे घडलं. भोपाळने मला शिकवलेली सगळ्यात जड गोष्ट ही आहे.

केसवानींनी हा शोध घेतला तो काही हवेत गोळीबार म्हणून नव्हे. डिसेंबर १९८१ मध्ये कारखान्यात फॉस्जीनची गळती होऊन एक कामगार दगावला. तो त्यांचा मित्र. केसवानी काही रसायनशास्त्र शिकलेले नव्हते. त्यांनी पुस्तकं काढली, या वायूंचा गुणधर्म समजून घेतला, कामगारांशी बोलून कागद मिळवले. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकी तज्ज्ञांनी भोपाळचा कारखाना तपासून त्यातल्या गंभीर त्रुटी लिहून ठेवल्या होत्या, तो अहवालही त्यांच्या हाती लागला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारखान्यातून पुन्हा वायू सुटला आणि आजूबाजूच्या वस्त्यांतले लोक रात्री घर सोडून पळाले. तिसरा लेख त्यानंतरचा आहे. म्हणजे इशारा होता, त्याला पुरावा होता, आणि त्या पुराव्याची चुणूक शहराला मिळालीही होती.

एका छोट्या साप्ताहिकाच्या हाकेवर सरकारने धावत सुटावं का, असं कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. रोज कुठे ना कुठे काहीतरी छापून येतं, त्यातलं बरंचसं फोलही असतं. पण इथे खातरजमा करणं अवघड नव्हतं. कारखाना निरीक्षक पाठवायचा होता, कंपनीकडे तिचाच अहवाल मागायचा होता. मग व्यवस्थेकडे आपण पाहतो तेव्हा काय दिसतं? भोपाळच्या कार्यालयातले कारखाना निरीक्षक यंत्र अभियांत्रिकी शिकलेले होते. विषारी रसायनांचा धोका ओळखण्याचं शिक्षण त्यांना कोणी दिलंच नव्हतं. १९७५ साली महेश नीलकंठ बुच या सनदी अधिकाऱ्याने वस्तीजवळचा हा कारखाना दूर हलवावा असं सुचवलं होतं, ते कोणी मनावर घेतलं नाही. डिसेंबर १९८२ मध्ये हा प्रश्न विधानसभेतही आला. तेव्हा श्रममंत्र्यांनी उत्तर दिलं, की यात पंचवीस कोटींची गुंतवणूक आहे, कारखाना म्हणजे इथून उचलून तिथे ठेवायला काही लहानसा दगड नव्हे, आणि भोपाळला धोका नाही. त्यापुढे १९८४ च्या वसंतात राज्य सरकारने शहरातल्या झोपडीवासीयांना जमिनीचे पट्टे वाटले. कारखान्याच्या भिंतीसमोरच्या जयप्रकाश नगरासारख्या वस्त्याही त्यांत होत्या. ज्या जागेवरून माणसं हलवायला हवी होती, तिथेच त्यांना सरकारी कागद देऊन बसवलं गेलं.

हे सगळं निव्वळ अज्ञानातून झालं, असं म्हणायला मन तयार होत नाही. श्यामला टेकडीवरचं कंपनीचं अतिथिगृह मंत्र्या-पुढाऱ्यांसाठी खुलं असे. पुढाऱ्यांच्या आणि बड्या अधिकाऱ्यांच्या नातलगांना कंपनीत नोकऱ्या, कंत्राटं मिळाली होती. दुर्घटनेनंतर देशातल्या आणि परदेशातल्या वृत्तपत्रांनी हे खोदून काढलं. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला पाकिटातली नोट दिसते. इथे नोट हातोहात गेली की नाही, हा मुद्दा दुय्यम आहे. ज्या घरचा पाहुणचार घेतला, ज्याने पुतण्याला नोकरी लावली, त्याच्या कारखान्यात निरीक्षक पाठवायला हात उचलत नाही. वाईट काम करवून घ्यायला लाच लागते, असं आपण समजतो. चांगलं काम न करण्यासाठीही ती दिली जाते. ती कुठल्याही वहीत लिहिलेली सापडत नाही आणि तिच्यापायी जीव जातात.

इथे मला एका स्त्रीची आठवण होते. सोव्हिएत युक्रेनमधल्या प्रिप्यात गावात ल्युबोव कोवालेव्स्काया नावाची पत्रकार होती. चेर्नोबिलच्या अणुवीजकेंद्राच्या बांधकामातला निकृष्ट माल, घाईगर्दी आणि बेशिस्त यांवर तिने लिहिलेला लेख ‘लितेरातुर्ना उक्राइना’ या पत्रात २७ मार्च १९८६ ला छापून आला. बरोबर तिसाव्या दिवशी, २६ एप्रिलला, चेर्नोबिलचा स्फोट झाला. तिकडे एकपक्षीय राजवट, इकडे निवडणुका, विधानसभा, डझनभर दैनिकं. शेवट मात्र एकसारखा. दोन्हीकडे पत्रकाराने वेळेवर सांगितलं होतं, दोन्हीकडे ते छापलंही गेलं होतं, आणि दोन्हीकडे त्या मजकुराला उत्तर देणं हे कोणाचंही काम नव्हतं.

युक्रेन स्वतंत्र झाला, पण तिथल्या पत्रकारांच्या वाट्याला आलं ते निराळंच. भ्रष्टाचारावर लिहिणाऱ्या ‘उक्राइन्स्का प्रावदा’चे संस्थापक गेओर्गी गोंगाद्झे यांना सप्टेंबर २००० मध्ये पळवलं गेलं आणि पुढे त्यांचं शिरविरहित शव सापडलं. या खुनासाठी दोषी ठरले ते पोलीस खात्यातलेच अधिकारी. अझरबैजानमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाच्या मिळकती उघड करणाऱ्या खदीजा इस्माइलोवा यांना डिसेंबर २०१४ मध्ये अटक झाली, पुढच्या वर्षी साडेसात वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि मे २०१६ मध्ये त्या सुटल्या. या घटना वाचताना वाटतं, शब्दाची भीती वाटणारी सत्ता पत्रकाराला मारते किंवा कोंडते. ज्या सत्तेला शब्दाची भीतीच उरलेली नाही, ती त्याला खुशाल लिहू देते. पहिल्या सत्तेचा निषेध करायला जग जमतं. दुसऱ्या सत्तेकडे बोट दाखवायला मात्र मुडदे पडेपर्यंत कोणी येत नाही.

आणि आपल्याकडेही या दोन वाटा वेगळ्या राहिलेल्या नाहीत. मध्य प्रदेशातल्या भिंडमध्ये संदीप शर्मा या दूरचित्रवाणी वार्ताहराने वाळूमाफिया आणि पोलीस अधिकारी यांचं साटंलोटं दाखवणारी बातमी केली, जिवाला धोका असल्याचं लेखी कळवून संरक्षण मागितलं. मार्च २०१८ मध्ये ट्रकखाली त्यांचा मृत्यू झाला. व्यापम भरती-परीक्षा घोटाळ्याबद्दल इथे वर्षानुवर्षं तक्रारी आणि बातम्या येत होत्या. दिल्लीहून त्या प्रकरणाच्या वार्तांकनासाठी आलेले अक्षय सिंह ४ जुलै २०१५ ला झाबुआ जिल्ह्यातल्या मेघनगरला अचानक मरण पावले, सारा देश हादरला आणि पाचच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापुरात शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला फेब्रुवारी २०२३ मध्ये मोटारीने चिरडलं. आरोपी ठरला तो ज्याच्याविरुद्ध त्यांनी नुकतंच लिहिलं होतं तोच माणूस. या तिघांची प्रकरणं वेगवेगळी आहेत, तीनही मृत्यूंचं कारण एक म्हणता येणार नाही. तरी एक प्रश्न मनातून जात नाही: बातमीची दखल घ्यायला आपल्याला मृतदेह का लागतो?

भोपाळमध्ये तर मृतदेहांनंतरही दखल अर्धीच घेतली गेली. युनियन कार्बाइडचे प्रमुख वॉरेन अँडरसन यांना ७ डिसेंबर १९८४ ला अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि राज्य सरकारच्या विमानाने ते दिल्लीला गेले. दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेला न्यायमूर्ती एन. के. सिंह आयोग वर्षभरातच गुंडाळला गेला. सरकारला काय माहीत होतं, केव्हा माहीत होतं, हे त्या आयोगापुढे विचारता आलं असतं. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. ७ जून २०१० ला भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. राज्य सरकारच्या हिशेबात वायूने घेतलेले बळी ३,७८७. पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट मोठा आकडा सांगतात. विधानसभेत ‘धोका नाही’ म्हणणाऱ्यांना किंवा साप्ताहिकातला इशारा कानाआड करणाऱ्यांना कधीही, कुठल्याही कठड्यात उभं राहावं लागलं नाही. कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा हलायलाही जानेवारी २०२५ उजाडावं लागलं.

केसवानी २१ मे २०२१ ला गेले. बी. डी. गोएंका पुरस्कार त्यांना मिळाला होता, जगभरच्या पत्रकारांनी त्यांना मानलं. पण पत्रकाराचा खरा सन्मान त्याचं म्हणणं वेळेवर तपासण्यात असतो, आणि तो त्यांना या शहराने दिला नाही. या शहरात मीही येतो, माझ्यासारखे तात्या टोपे नगरच्या सरकारी घरांतून राहिलेले, कारखान्यापासून लांब असलेले सगळेच येतात. आजही सकाळी पानभर सरकारी जाहिराती असलेला जाडजूड पेपर आम्ही घेतो. जाहिरातीवर जगणाऱ्या पत्राकडून कठोर प्रश्नांची अपेक्षा किती करायची, आणि जाहिरातीशिवाय चालवलेलं छोटं पत्र बंद पडलं तर त्याचा दोष कोणाचा, हे आम्ही स्वतःला विचारत नाही.

वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी लढायचं म्हणजे संपादकाला तुरुंगाबाहेर ठेवायचं, एवढंच पुरेसं नाही, असं मला आता मनापासून वाटतं. छापलेल्या गंभीर आरोपाला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणं सरकारवर बंधनकारक असायला हवं, आणि ते उत्तर खोटं निघालं तर ते देणाऱ्याला जाब द्यावा लागायला हवा. कायदा होईल तेव्हा होईल. २००५ पासून माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे, तो वापरायला कोणी अडवलेलं नाही. तुमच्या गावच्या छोट्या पत्रात कारखान्याबद्दल, धरणाबद्दल, वाळूबद्दल, इस्पितळाबद्दल काही छापून आलं, तर ते वाचून घडी घालून ठेवू नका. त्या पत्राची वर्गणी भरा. संबंधित कार्यालयाला अर्ज करून विचारा, की हे खरं आहे का आणि तुम्ही काय केलंत. उत्तर येईपर्यंत विचारत राहा. १९८२ साली भोपाळातल्या शंभर माणसांनी एवढं केलं असतं तर काय झालं असतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तुमच्या गावात मात्र अजून वेळ आहे.