पवनीची गाईडगिरी

भंडाऱ्यात राहणाऱ्याला पवनी पाठ असते, असा माझा समज होता. दिवाळीनंतर पुण्याचे साडू सहकुटुंब आले, तेव्हा गाईडगिरी मी आपणहून अंगावर घेतली. 'विदर्भाची काशी' म्हणून आधीच भरपूर तारीफ करून ठेवली होती.

जवाहर गेट, पंचमुखी गणपती, मग वैनगंगेचे घाट. वरच्या अंगाला गोसेखुर्दचं धरण, त्याची ३३ दारं, हे सांगताना माझा आवाज उगाच चढला. साडूंनी जगन्नाथ टेकडीचं नाव काढलं, तर 'तिथे नुसती टेकडी आहे, वर देऊळ' म्हणत मी गाडी पुढे दामटली आणि रुयाडचा नवा महास्तूप दाखवला. फोटो छान आले. पुण्याला गेल्यावर त्यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा १९६९-७० च्या उत्खननाचा अहवाल मिळवला नि फोन केला. त्या टेकडीच्या पोटात विटांचा स्तूप आहे. व्यास ४१ मीटरच्या आसपास, सांचीच्या मोठ्या स्तूपाहून जास्त. मी 'हो का' म्हणालो.

पण खरी घोडचूक जेवणाची. त्याच दिवशी रात्री जवळच्या गावी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, एका ओळखीच्या घरी जायचं होतं. त्यांना त्रास नको, शिवाय पुण्याच्या पोरांना तिखट झेपायचं नाही, म्हणून मी सगळ्यांना पवनीतच हॉटेलात पोटभर जेवू घातलं. मंडईला घरोघरी पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात, न जेवता गेलेला पाहुणा म्हणजे घराची नाचक्की, हे आमच्या या झाडीपट्टीत जन्म घालवलेल्या माणसाला सुचू नये!

अंगणात चुलीवर मडकं पालथं घातलेलं. त्या घरच्या काकू सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवत होत्या आणि ती रुमालासारखी पोळी मडक्यावर टाकत होत्या. बाजूला झिंग्यांचा रस्सा. 'आम्ही जेवून आलो,' म्हटल्यावर त्यांचे हात थांबले.

'मंग हे कोनासाठी जी?'

घरधनी काही बोललेच नाहीत. साडूंच्या धाकट्यानं नाक पुसत पुसत रस्सा-पोळी हाणली, म्हणून थोडी अब्रू राहिली.

मंडईतल्या रात्रीच्या नाटकाचंही तेच. जाहिरातीत साडेनऊ, पडदा उघडला बाराच्या सुमारास. पहाटेपर्यंत चालणारं नाटक मी पहिल्या अंकानंतर सोडायला लावलं. नाटकातल्या त्या पोरीचं पुढे काय झालं, हे मेहुणी अजून विचारते.

यंदाही काकूंचा निरोप आलाय. तारखेच्या आधी अट: उपाशी या.