दादर-माटुंग्यातील आठ दिवस

प्रवासवर्णन म्हटले की हिमालयाची शिखरे अथवा दक्षिणेतील गोपुरे वाचकांच्या डोळ्यांपुढे उभी राहावयाची. ज्या स्थळाची हकीकत आज आम्ही सांगणार आहो, तेथे शिखर नाही की गोपुर नाही. मुंबईच्या जुन्या बोरीबंदराहून आगगाडीत बसले असता वीस-बावीस मिनिटांत तेथे पोचता येते, आणि असंख्य माणसे रोज तेथे उतरून, जिना चढून, दुसऱ्या गाडीत बसून निघूनही जातात. परंतु दादर हे केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण नव्हे. 2022 च्या मार्च महिन्यात, आमलकी एकादशीपासून संकष्टी चतुर्थीपर्यंत, आठ दिवस आम्ही तेथील हिंदू कॉलनीत एका आप्तांकडे राहिलो. जगातील वार्ता तेव्हा अत्यंत क्लेशकारक होत्या. अशा दिवसांत एक सुशिक्षित एकत्र कुटुंब काय रांधते, बाहेर कोठे जेवते आणि काय वाचते, हे जवळून पाहण्याचा योग आला; तेच येथे निवेदन करीत आहो.

प्रथम स्थळाविषयी. हा सारा भाग एका दुर्वार्तेच्या पोटीच जन्मास आला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 1896 साली मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाने माणसे दगावू लागली, आणि हा प्लेग होय असे निदान डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने केले. लोक शहर सोडून पळाले, गिरण्या ओस पडल्या. कोंदट वस्ती हे रोगाचे माहेरघर आहे हे तेव्हा राज्यकर्त्यांस पटले, आणि 1898 साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने दाट वस्तीतून रस्ते काढले, आणि शहराच्या उत्तरेस दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथे नव्या वसाहतींची आखणी केली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, घराघरांमध्ये मोकळी जागा आणि मध्ये बागा, हे जे रूप आजही हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत व पाच बागांच्या परिसरात दिसते, त्याचे मूळ त्या भयंकर साथीत आहे. आणि त्याच 1898 साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचीही स्थापना झाली! शहरावर मरणाची छाया असता काही मंडळी पुस्तके जमविण्याच्या उद्योगास लागली, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही. या संस्थेचे प्रमुख ग्रंथालय आज दादर पूर्वेसच आहे.

आमच्या यजमानांचे कुटुंब अकरा माणसांचे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी, त्यांचे दोन पुत्र, सुना, नातू, नातसून, आणि सर्वांत धाकटी नऊ वर्षांची पणती. युक्रेनवर रशियाने 24 फेब्रुवारीस स्वारी केली होती. तेथे वैद्यकी शिकावयास गेलेले हजारो भारतीय विद्यार्थी नुकतेच परत आणले गेले होते. दोन वर्षांच्या साथीचे निर्बंध कोठे सैल होतात न होतात, तोच ही नवी आपत्ती. घरात थोरले काका दिवसभर दूरचित्रवाणी चालू ठेवीत. धाकट्या वहिनींस ते मुळीच खपत नसे. "भावोजी, हे ऐकून आपण तिथं काय करणार आहोत?" असे त्यांनी एकदा विचारले. काका म्हणाले, "करता काही येत नाही, म्हणून ऐकूही नये की काय?" दोघांचेही म्हणणे आम्हांस खरे वाटले, आणि म्हणूनच हा वाद आठवडाभर आमच्या मनात घोळत राहिला.

स्वयंपाकघरास मात्र असल्या वादात पडावयास सवड नव्हती. सोमवारी एकादशीची साबुदाण्याची खिचडी व वरईचे तांदूळ. मंगळवारी सकाळी वाल भिजत घातले, रात्री ते उपसून फडक्यात बांधले. गुरुवारी होळी म्हणून वालाचे बिरडे बुधवारीच करावे असा विचार निघाला. परंतु बुधवारी फडके सोडून पाहिले तर मोड अर्धेमुर्धेच. अखेर बुधवारी मुगाची खिचडी व कढी यांवर भागले, आणि बिरडे शुक्रवारी झाले. गुरुवारी रात्री कोमट पाण्यात टाकलेले वाल सोलावयास काकांसकट सारे बसले होते. युद्धाची झळ या घरासही लागली होती. सूर्यफुलाच्या तेलापैकी बहुतेक आपल्या देशात युक्रेन व रशिया येथूनच येत असे. तो पुरवठा अडकताच सर्वच खाद्यतेलांचे भाव चढले. म्हणून होळीच्या कटाबरोबर करावयाची भजी रद्द झाली, आणि शुक्रवारच्या पुऱ्यांच्या जागी घडीच्या पोळ्या आल्या. फडताळात 'रुचिरा'ची जीर्ण प्रत होती. कमलाबाई ओगले यांचे हे पुस्तक 1970 साली निघाले, आणि अनेक घरांत ते सासूकडून सुनेकडे जात आले आहे. धाकट्या वहिनी त्यातून कमी तेलाचे प्रकार काढून देत होत्या.

होळीच्या दिवशी मोठी पंगत झाली. पुरणपोळी, वर तूप, वाटीत कटाची आमटी. आदल्याच दिवशी, 16 मार्चला, मारिउपोल शहरातील एका नाट्यगृहावर बाँब पडला होता. तेथे शेकडो नागरिक आश्रयास राहिले होते, आणि बाहेर जमिनीवर 'मुले' असा शब्द आकाशातून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. त्याचे छायाचित्र पणतीने सकाळीच पाहिले होते. पोळीचा पहिला घास हातात धरून तिने विचारले, "पणजी, तिथल्या मुलांना आज जेवायला मिळालं असेल का?"

पंगत स्तब्ध झाली. काही तरी सांगून तिची समजूत घालावी असे आम्हां सर्वांच्या मनात आले, परंतु आजी म्हणाल्या, "नसेल गं बाळ, पुष्कळांना मिळालं नसेल." मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. त्यांचे माहेर गिरगावचे. 14 एप्रिल 1944 रोजी त्या सहा वर्षांच्या होत्या. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर कापूस आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र भरलेली होती. कापसास आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले; शेकडो माणसे मृत्युमुखी पडली, आणि गोदीतील धान्याचे मोठे साठेही जळाले. आजींच्या घराची तावदाने फुटली. त्या रात्री त्यांच्या आईने गोदीकडून पळून आलेल्या एका अनोळखी कुटुंबास जिन्याखाली बसवून रेशनच्या तांदळाचा भात वाढला, आणि पुढे आठवडाभर घरी पेजच होती. "आई तेव्हा काही बोलली नाही," आजी म्हणाल्या. "भात तेवढा दोनदा टाकला." पणतीने पोळी खाल्ली, अर्धी मात्र झाकून ठेवावयास सांगितली, आणि ती संध्याकाळी पहारेकऱ्याच्या मुलास स्वतः नेऊन दिली. युद्धग्रस्तांस त्याने काय मिळाले, असे कोणी विचारील. काही नाही. परंतु मुलीस उत्तर खरे मिळाले, आणि तिच्या हातांस करावयास काही मिळाले.

वाचनाची या घरातील पद्धत आम्हांस विशेष आवडली. रात्री जेवणे आटोपल्यावर अर्धा तास धाकटे काका मोठ्याने वाचीत. त्या आठवड्यात विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' चालू होता. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण दक्षिणेच्या आशेने 1857 साली उत्तरेस निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा व नंतरची कत्तल त्याने प्रत्यक्ष पाहिली, आणि पुष्कळ वर्षांनी ती हकीकत लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती 1907 साली छापून प्रसिद्ध केली. दिवसभर ज्यांनी तुटक वार्ता ऐकल्या होत्या, तेच थोरले काका येथे एकाग्र होऊन बसत. वार्ता सांगते की इतके मेले. ग्रंथ सांगतो की उरलेल्यांनी पुढे काय केले, पाणी कोठून आणले, घरी कसे परतले. भीतीस जे उत्तर हवे असते ते या दुसऱ्या भागात असते.

शनिवारी आम्ही ग्रंथसंग्रहालयाकडे जाऊन आलो. परतताना राजगृहावरून चक्कर मारली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे घर आपल्या ग्रंथसंग्रहास जागा व्हावी या हेतूने बांधविले. माणसांच्या सोयीआधी पुस्तकांची सोय पाहणारे असे घर शहरात विरळा.

रविवारी दुपारी चुलीस विश्रांती देऊन सर्व मंडळी माटुंग्यास जेवावयास गेली. स्थानकासमोरील बाजाराच्या माडीवर 1942 साली रामा नायक यांनी उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन भाज्या व शेवटी ताक. परके लोक एकाच मेजाशी मांडीस मांडी लावून बसलेले. 1942 हे साल ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबई तर त्या तांदळावर पुष्कळ अवलंबून होती. 1943 साली येथे रेशन सुरू झाले, आणि त्याच वर्षी बंगालात दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. भाताच्या खाणावळीस याहून प्रतिकूल मुहूर्त कोणता असणार? पण खाणावळ टिकली. बंगळूरच्या मावळ्ळी टिफिन रूम्समध्ये याच टंचाईत तांदळाऐवजी रवा घेऊन रवा इडली करण्यात आली, असे ती मंडळी सांगतात. आज आपण हौसेने खातो तो पदार्थ अडचणीतून निघालेला आहे.

जेवण करून झाडांखालून परतताना काकांनी काही ठिकाणे दाखविली. 12 मार्च 1993 च्या स्फोटांतील प्लाझा चित्रपटगृह दादर पश्चिमेस. 11 जुलै 2006 च्या गाड्यांतील स्फोटांपैकी एक माटुंगा रोडला. 13 जुलै 2011 चा कबुतरखान्याजवळ. त्या त्या दिवशी या भागानेच इतरांस दुर्वार्ता पुरविली होती. तरी दुसऱ्या दिवशी फुलबाजार भरला. याचे लोक फार कौतुक करितात. आम्हांस ते सरसकट करवत नाही. फूलवाल्या बाईस दुकान मांडल्यावाचून गत्यंतर नसते, आणि ज्याच्या घरचे माणूस गेले त्याचा बाजार पुन्हा पूर्वीसारखा भरत नाही. नित्यक्रम चालू राहतो तो शौर्याने नव्हे. भूक रोज लागते म्हणून.

काका व वहिनी यांच्या वादाचा निकाल आमच्या समक्ष असा लागला. रविवारी रात्री आजींनी ठरविले की वार्ता सकाळी एकदा व संध्याकाळी एकदा ऐकावी. जेवताना यंत्र बंद असावे. परंतु मुलांनी जे विचारले त्याचे उत्तर टाळू नये. काकांनी थोडी कुरकुर करून मान्य केले. हाच पाठ आमच्या वाचकांनीही गिरवून पाहावा अशी आमची विनंती आहे. अन्न गोड लागते म्हणून आपण निष्ठुर ठरत नाही, आणि ते कडू करून घेतल्याने कोणाचे पोटही भरत नाही. ज्या घरात चूल वेळेवर पेटते, आल्यागेल्यास घास मिळतो आणि रात्री एखादे पुस्तक उघडले जाते, त्या घरात दुःखाची वार्ता आली तर ती ऐकून घेण्याचे बळ असते. सोमवारी संकष्टी होती. चंद्रोदय रात्री उशिरा, म्हणून आमच्यासाठी उकडीचे मोदक डब्यात भरून दिले गेले, आणि आम्ही संध्याकाळच्या गाडीने निघालो.