एका संशयाचा पाठपुरावा

पोटावर चौदा इंजेक्शनें घेतलेल्या पिढींतला मी एक आहें. माझ्या लहानपणीं पिसाळलेलें कुत्रें चावलें म्हणजे रोज सकाळीं सरकारी दवाखान्यांत जाऊन बेंबीभोंवतीं सुई टोचून घ्यावी लागे. मेंढीच्या मेंदूंत विषाणु वाढवून व मग ते मारून ही लस तयार करीत. डेव्हिड सेंपल यांनीं १९११ सालीं कसौली येथें सिद्ध केलेली ही लस आपल्या देशांत एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू होती. तिनें पुष्कळांचे प्राण वाचविले हें खरें. परंतु क्वचित् एखाद्याचे हातपाय त्या लशीनेंच लुळे पडत. माझ्या आजीच्या कानांवर ही गोष्ट आलेली असावी, कारण प्रत्येक इंजेक्शनानंतर ती मला अंगणांत चालवून पाही.

असें कां व्हावें? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत टॉमस रिव्हर्स यांनीं १९३३ च्या सुमारास माकडांस निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. आणि विषाणूचा लवलेश नसतां त्यांतील कांहींचे अवयव लुळे पडले. परक्या मेंदूवर तुटून पडण्यास शिकलेली शरीराची प्रतिकारशक्ति स्वतःच्या मज्जातंतूंवरील मायेलिनचें आवरणहि कुरतडूं लागते. राखणदारानें धन्याचेंच घर फोडावें तसा हा प्रकार. मल्टिपल स्क्लेरॉसिस नांवाच्या व्याधींत लशीवांचूनच हें घडतें, आणि तेंहि बहुधा ऐन तारुण्यांत.

स्टीफन हाउजर यांनीं उभें आयुष्य या व्याधीमागें घातलें. बोस्टन येथें ते नवखे डॉक्टर असतांना एक बुद्धिमान् तरुण वकीलबाई त्यांच्या देखरेखीखालीं होती. पाहतां पाहतां तिची वाणी गेली, एक अंग गेलें, शेवटीं श्वासहि यंत्राधीन झाला. वैद्यकांत इतका अन्याय आपण पाहिला नव्हता, असें ते पुढें सांगत.

त्या काळीं सर्वांचा रोख टी-पेशी या एकाच जातीच्या पांढऱ्या पेशींवर होता. कारण प्रयोगशाळेंतील उंदरांत त्याच हा रोग उत्पन्न करीत. पण उंदराच्या मेंदूंतील जखमा माणसाच्या जखमांसारख्या दिसत नसत. (सोयीच्या जनावरावरून माणसाची परीक्षा करण्याचा मोह शास्त्रज्ञांसहि सुटत नाहीं.) हाउजर व त्यांचे सहकारी मार्मोसेट जातीच्या चिमुकल्या माकडांकडे वळले. तेथें केवळ टी-पेशींनीं आवरण फारसें झडेना. प्रतिपिंडांची जोड मिळतांच मात्र हुबेहूब मानवी जखम उमटली. तेव्हां प्रतिपिंडांचें मूळ ज्या बी-पेशी, त्यांवर संशय बसला.

बी-पेशी नाहींशा करणारें रिटुक्सिमॅब हें औषध एका जातीच्या कर्करोगावर १९९७ पासून वापरांत होतें. तें या रुग्णांस देऊन पाहावें, ही मागणी सरकारी अनुदान देणाऱ्यांनीं असंभवनीय म्हणून फेटाळली. अखेर औषधाच्या कंपनीच्या साहाय्यानें १०४ रुग्णांवर प्रयोग झाला. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, मेंदूंतील ताज्या जखमा चोवीस आठवड्यांत ९१ टक्क्यांनीं घटल्या होत्या!

आक्षेपकांचें म्हणणें अगदींच खुळें नव्हतें. प्रतिपिंडें प्रत्यक्ष तयार करणाऱ्या प्रौढ पेशींस हें औषध स्पर्शहि करीत नाहीं. मग गुण यावा कसा? आणि खरोखरच, प्रतिपिंडें फारशीं घटण्यापूर्वींच जखमा थांबल्या. म्हणजे गुन्हेगार बरोबर सांपडला, पण आरोपपत्रांतलें कलम चुकलें होतें. बी-पेशी टी-पेशींस चिथावणी देतात, हा त्यांचा मोठा अपराध असें आतां मानतात. मला या हकीकतींत सर्वांत रम्य वाटतो तो हाच भाग. आपल्या तर्कावरच प्रेम जडलेला मनुष्य येथें हिरमुसला असता. हाउजर यांनीं तर्क सोडला आणि रुग्ण धरून ठेवला.

त्याच जातीचें ओक्रेलिझुमॅब हें औषध २०१७ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. रोग प्रथमपासून हळूहळू वाढत जाणाऱ्या रुग्णांसाठीं तें पहिलेंच मान्य औषध. २०२५ सालीं हाउजर यांस ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालें. तें त्यांनीं अल्बर्टो अस्केरिओ यांच्यासमवेत घेतलें. या व्याधीमागें एपस्टाइन-बार विषाणूचा हात असल्याचा पुरावा अस्केरिओंचा; आणि हा विषाणु दबा धरून बसतो तोहि बी-पेशींतच.

परंतु २०१९ सालीं हाउजर यांच्याच मंडळानें दाखवून दिलें कीं नवी जखम एकहि न होतां कित्येक रुग्णांची चाल मंदावत जाते, हात अडखळूं लागतो. ही मूक झीज पुरती थांबविणारें औषध अजून हातीं आलेलें नाहीं.